बारा ग्रॅमची तक्रार

४ ऑक्टोबर

ती. वन्सं,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी दुपारच्या बसने मी तुमच्याकडे येते आहे. एक बॅग आहे. किती दिवस राहीन ते माहीत नाही.

भांडण झालेलं नाही. आमच्याकडे भांडण होत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या भावाने ते निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात बंद केलं. कुणाला काही म्हणायचं असेल तर दारामागच्या लाकडी पेटीत कागद टाकायचा आणि पेटी पहिल्या तारखेला उघडायची, असा नियम झाला. घरात माणसं दोन. कागद टाकणारी मी, उघडणारे ते. चार वर्षांत मी एकतीस कागद टाकले. एकतीसच्या एकतीस ‘नोंद घेतली’ असा शिक्का मारून मला परत मिळाले. पहिला कागद स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कडीबद्दल होता. कडी अजून तशीच आहे.

काल बत्तिसावा टाकला. त्यात त्यांना लिहिलंय, ‘मी वन्संकडे जाते. मला तुमची आठवण येईल. तुम्हाला माझी आली तर वीस तारखेच्या आत न्यायला या. नाही आलात तर माझ्यावाचून तुमचं बरं चाललंय असं समजेन, आणि पुढे माझं मी बघेन.’

निघताना तोंडाने नुसतं ‘जाते’ म्हणणार आहे. कुठे, किती दिवस, असं विचारलं तर खरं ते सांगेन. नाही विचारलं तर नाही. वन्सं, तुम्ही त्यांना यातलं अक्षर सांगायचं नाही, शपथ आहे. पेटी पहिल्या तारखेलाच उघडते हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तिच्यात टाकला. मी घरात नाही म्हटल्यावर तरी ती मधेच उघडावीशी वाटते का, तेवढं मला बघायचंय.

तुमच्या कवळ्यांच्या कारखान्यात काही काम असेल तर मी करीन. नुसतं बसायला आवडणार नाही.

तुमची भावजय


९ ऑक्टोबर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. कामाचं पत्र आहे, म्हणून मुद्द्यांनी लिहितो.

मुद्दा एक. आमच्या सुखी गृह मंडळाचं तपासणी पथक पंचवीस तारखेला माझ्या घरी येणार आहे. मंडळाची माहितीपत्रकं मी तुला तीनदा पाठवली, पण तू ती कवळ्या गुंडाळायला वापरतेस असं कळलं, म्हणून पुन्हा सांगतो. पस्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराचं वजन खऱ्या वजनाशी ताडायचं आणि जुळलं तर शिक्का मारायचा, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की लोक किलोच्या बाबतीत एवढे काटेकोर, आणि सुखाच्या बाबतीत मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. म्हणून मंडळ काढलं. आता आम्ही सभासदांच्या घरी जातो, शंभर गुणांचा तक्ता भरतो आणि सत्तरच्या वर गुण मिळाले तर दारावर ‘सुखी घर’ अशी पितळी पट्टी ठोकतो. बाकीची घरं ज्या घराशी ताडायची ते प्रमाण घर म्हणजे आमचं. मागच्या वर्षी आम्हाला ९१ होते.

मुद्दा दोन. ही बाहेरगावी गेली आहे. बहुधा तिच्या मावशीकडे, कारण मावशीचा गुडघा दुखतो. बॅग घेऊन दारात बराच वेळ उभी होती. ‘जाते’ म्हणाली, मी ‘जाऊन ये’ म्हणालो. निघालेल्या माणसाला कुठे, कशाला, किती दिवस असं विचारून ताप देऊ नये, हे आमचं नववं सूत्र. फोन घरीच विसरली आहे, त्यामुळे तिकडे तिला आणि इकडे मला शांतता आहे. पंचवीसच्या आत ती येईलच. तपासणीची उत्तरं तिला पाठ आहेत.

मुद्दा तीन. सोबत चाळीस प्रश्नांची प्रश्नावली पाठवतो. तू एकटी राहतेस, दिवसभर परक्यांचे दात करत बसतेस, जेवताना पुस्तक वाचतेस. तुझे गुण किती येतील याची मला खरोखर धास्ती वाटते. खरं खरं भर.

तुझा धाकटा


११ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्र मिळालं. मुद्दे तीनच होते. तब्येत बरी आहे ना तुझी?

प्रश्नावली वाचली. ‘आपण दिवसातून सरासरी किती वेळा हसता?’ या पहिल्याच प्रश्नाला अडकले. मी मोजत नाही रे. मी मोजते ते दात. वरचे चौदा, खालचे चौदा, आणि ते ज्याच्या तोंडात बसतात तो हसतो की नाही हे त्याचं तो बघतो. तुला सांगते, नवी कवळी बसवली की कुणीही आधी हसत नाही. आधी सगळे जीभ फिरवून बघतात. मग ‘टोचतंय’ म्हणतात.

आता तुझा मुद्दा दोन. तिची मावशी दोन वर्षांपूर्वी वारली. तू गेला होतास भेटायला. तिच्या मुलाच्या हातात तू ‘शोकाकडून आनंदाकडे’ नावाची पुस्तिका दिलीस आणि तो तुला मारायला उठला होता. आठवतंय का काही? मग तुझी बायको कुठे गेली हे तुला कुणी सांगितलं, की तूच ठरवलंस? दारात बराच वेळ उभी होती म्हणतोस. माणूस दारात बराच वेळ का उभं राहतं, याचं एखादं सूत्र आहे का तुमच्याकडे?

मला विचारशील तर त्या पेटीत बघ. घरातलं माणूस न सांगता गेलं तर लोक उशीखाली बघतात, डब्यात बघतात. तुझ्याकडे पेटी आहे, तर पेटीत बघ.

माझं ठीक चाललंय. एक बाई आली आहे हाताखाली. प्लास्टरचे साचे ओतणं दोन दिवसांत शिकली आणि मेणावर दात लावायला तिचा हात माझ्याहून हलका आहे. परवा एका निवृत्त बसचालकाची कवळी होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, सर्व दात सरळ रेषेत. तशी केली. त्याने आरशात बघितलं, काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, हे कुणाचं तोंड आहे? त्याचा पुढचा एक दात पहिल्यापासून शेजारच्यावर चढलेला होता. या बाईने त्याचा जुना फोटो मागवला आणि एक दात तेवढाच वाकडा बसवला. डॉक्टरांनी ‘दोष आहे’ असा शेरा मारून कवळी परत पाठवली. हिने ती पुसून, काही न बदलता पुन्हा पाठवली. चालक घालून गेला.

पेटीत बघ.

ताई


१३ ऑक्टोबर

ती. ताई,

मावशीचं तुझं बरोबर आहे. मग मामी असेल. मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं.

पेटी उघडायचं तू जे सुचवलंस त्यावर मी पूर्ण अर्धा तास विचार केला. ताई, पेटी पहिल्या तारखेला उघडते. आज उघडली तर उद्या उघडायला काय हरकत, आणि रोज उघडायची तर पेटी कशाला, सरळ बोलावंच लागेल की. मग पुन्हा ते जुनं सुरू होईल, तू असं म्हणालास, मी असं म्हणाले नव्हते. चार वर्षं या घरात चढा आवाज नाही. तो त्या एका कुलपामुळे नाही.

तरी तुझ्या शब्दाला मान द्यायचा म्हणून मी मधला मार्ग काढला. पेटी कुलपासकट काट्यावर ठेवली. रिकाम्या पेटीचं वजन माझ्या वहीत आहे, एक किलो चारशे दहा ग्रॅम. आज भरलं एक किलो चारशे बावीस. म्हणजे आत बारा ग्रॅम तक्रार आहे. दोन पानं आणि पाकीट, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या वर्षी पडद्यांच्या रंगाबद्दल तिने जी तक्रार केली होती तीच सतरा ग्रॅमची होती. तेव्हा काळजीचं कारण नाही. बारा ग्रॅम म्हणजे किरकोळच.

घरी सगळं शिस्तीत आहे. मी एकाच बशीत जेवतो आणि तीच धुतो. दुपारी जरा शांतता जास्त वाटते, पण शांततेला तक्त्यात आठ गुण आहेत.

तुझी ती हाताखालची बाई मला महत्त्वाची वाटते. मंडळाकडे कष्टकरी स्त्रियांच्या प्रश्नावल्या कमी आहेत. सोबत एक कोरी पाठवतो. तिच्याकडून भरून घे. नाव लिहायची गरज नाही.

तुझा धाकटा


१६ ऑक्टोबर

धाकट्या,

तू पेटीचं वजन केलंस. मी ते वाक्य दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

बाईची प्रश्नावली भरून पाठवते. तिचे हात प्लास्टरने भरलेले होते, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. चाळीसच्या चाळीस उत्तरं पाठवली आहेत. त्यातली चार इथे वेगळी लिहिते, कारण तुझ्या तक्त्यात ती हरवतील.

‘घरातील निर्णयांत आपला सहभाग किती टक्के?’ पडद्यांच्या रंगात शंभर टक्के. पडदे बदलले नाहीत.

‘आपले म्हणणे ऐकून घेतले जाते का?’ घेतलं जातं. मग ठेवून दिलं जातं.

‘अलीकडे मोठ्याने कधी हसलात?’ मंगळवारी. डॉक्टरांचा शेरा वाचून.

‘सुखी होण्यासाठी आपल्याला आणखी काय हवे आहे?’ यावर तिने हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाली, कुणीतरी यायला हवंय.

आता माझं ऐक. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. तू पाच वर्षांचा असताना शेजारच्यांचा तराजू मोडलास आणि माझ्या पाठीमागे लपलास, तेव्हा मी तुझ्यासाठी खोटं बोलले होते. त्या भरवशावर सांगते, ती पेटी वीस तारखेच्या आत उघड. का ते विचारू नकोस, मला सांगता येत नाही. किल्ली तुझ्या खिशात आहे. लावायची आणि फिरवायची.

ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताई,

प्रश्नावलीबद्दल आभार मानावेत तेवढे थोडे. गेल्या चार वर्षांत दोनशे प्रश्नावल्या तपासल्या, पण अशी उत्तरं वाचली नाहीत. मी नेहमी आधी गुण देतो आणि मग वाचतो. या खेपेला गुण द्यायचे राहूनच गेले.

त्या बाईंना माझा निरोप सांग. त्या दुःखी नाहीत, दुर्लक्षित आहेत. या दोहोंत फरक आहे आणि तो आमच्या तक्त्यात नाही, हे मी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. पडद्यांचं उत्तर वाचून मला त्यांच्या नवऱ्याचा फार राग आला. गृहस्थ वाईट नसेल. पण डोळ्यांपुढे जे माणूस वावरतंय त्याच्याकडे न बघता स्वतःच्याच कुठल्यातरी व्यापात गढून गेलेला दिसतो. असले नवरे मी तपासणीत बरेच पाहिले आहेत. त्यांना वाटतं, घरात आवाज नाही म्हणजे घर सुखी आहे.

आणि ते चाळिसावं उत्तर. कुणीतरी यायला हवंय. ताई, मी हळवा माणूस नाही, पण ते वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्या नवऱ्याच्या जागी मी असतो तर चपला घालायलाही थांबलो नसतो. मिळेल त्या बसने गेलो असतो आणि म्हणालो असतो, चल. मंडळात त्याचं नाव घालायचं असेल तर वर्गणी माफ करायला लावीन.

पेटीबद्दल तुझा आग्रह मला कळत नाही. वीसच का? उगाच अंदाजाने नियम मोडायचा नाही, हे खात्यात मी जन्मभर पाळलं. आणखी चौदा दिवसांनी उघडणारच आहे.

ही अजून आली नाही. मामीकडे विचारावं असं मनात येतं, पण मामीचा पत्ता तिच्याच वहीत असतो आणि ती वही कुठे असते ते मला माहीत नाही.

तुझा धाकटा


२१ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र काल वीस तारखेला दुपारी आलं. बाईने माझ्या हातातून घेतलं आणि कारखान्याच्या दारात उभ्या उभ्या वाचलं. आधी ती हसली. इतकी हसली की शेजारचा चष्मेवाला बघायला आला. मग तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मी तिला पाणी दिलं आणि यंत्र बंद केलं. एवढ्या कामाच्या दिवशी मी यंत्र कधी बंद करत नाही.

काल तिने दोनदा बसस्टँडवर फेरी मारली. सकाळच्या बसला एकदा, संध्याकाळच्या बसला एकदा.

तुझी पत्र लिहायची हातोटी छान आहे. ‘चपला घालायलाही थांबलो नसतो’ हे फारच छान आहे. याहून जास्त मला लिहवत नाही.

ताई


२६ ऑक्टोबर

ती. ताई,

बाईंना माझ्या पत्राने एवढा दिलासा मिळाला हे वाचून समाधान वाटलं. रडणं हे आमच्या मते सुधारणेचं लक्षण आहे.

काल तपासणी झाली. ही आलीच नाही, त्यामुळे मी धास्तावलो होतो. पण पथकातले तिघेही जाणती माणसं. अध्यक्ष म्हणाले, पत्नी गावाला गेली म्हणून घर थांबत नाही, तिच्या वतीने तुम्हीच उत्तरं द्या. मी दिली. मला तिची उत्तरं पाठ आहेत, कारण मीच लिहून दिली होती. पथकाने खोल्या पाहिल्या, जेवणाचं टेबल पाहिलं, तासभर नुसतं बसून घराचा आवाज ऐकला. निकाल सांगतो. ९६.

ताई, मंडळाच्या इतिहासात एवढे गुण कुणाला नाहीत. वाद शून्य, पसारा शून्य, अपुऱ्या इच्छा शून्य. मागच्या वर्षी पाच गुण कमी का पडले होते तेही मला काल समजलं. तपासणी चालू असताना तिने पथकाला विचारलं होतं की, तुम्हाला चहा हवा की तुम्हीही कागद टाकणार?

सगळे गेल्यावर मी पट्टी पुसली. मग घरात कुणाला तरी सांगावं म्हणून आत गेलो. स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही.

असो. तुझं अभिनंदनाचं पत्र यावं अशी अपेक्षा आहे.

तुझा धाकटा


२९ ऑक्टोबर

धाकट्या,

अभिनंदन. बायको घरात नसताना ९६ मिळाले. तूही बाहेर गेला असतास तर शंभर मिळाले असते.

ताई


१ नोव्हेंबर

ताई,

सकाळी नऊ वाजता पेटी उघडली. नियमाप्रमाणे.

पाकिटात दोनच पानं होती. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं वाचलं. वीस तारीख. त्या दिवशी मी काय करत होतो ते वहीत बघितलं. वहीत लिहिलंय, ‘सकाळी सूत्रांची अनुक्रमणिका केली. दुपारी विश्रांती.’ पुढे दिवसाचे गुण मांडलेत, माझे आठ, तिचे आठ. ताई, ती गेल्यापासून रोज मी तिच्या रकान्यात आठ लिहीत आलोय. मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही.

ती बाई म्हणजे तीच. तू प्रत्येक पत्रात सांगत होतीस आणि मी तुला सल्ले देत होतो. त्या नवऱ्याबद्दल जे लिहिलं ते मी आता वाचू शकत नाही. पण लिहिलं ते खरं होतं. गृहस्थ वाईट नाही एवढंच वाक्य आता खात्रीने सांगता येत नाही.

मी तिचे सगळे एकतीस कागद शोधले. ते सापडले नाहीत, ते तिच्याकडे असणार, मीच परत दिले होते ना. मग एकेक आठवायचा प्रयत्न केला. सहा आठवले. पंचवीस कागद मी वाचून शिक्का मारून विसरलो. खिडकीच्या कडीचा आठवला म्हणून जाऊन बघितलं, तर कडीला दोरी बांधलेली. चार वर्षं ती रोज सकाळी ती दोरी सोडायची आणि संध्याकाळी बांधायची. मी त्याच खिडकीखाली बसून चहा घेतो.

अध्यक्षांना फोन करून सांगितलं की आमचे ९६ काढून टाका, माझी बायको मला सोडून गेली आहे. ते म्हणाले, गुण शाईने लिहिले आहेत, आता खोडता येत नाहीत. वर म्हणाले, हा अनुभव मोलाचा आहे, डिसेंबरात ‘एकट्याचं सुख’ यावर व्याख्यान द्या. मी फोन ठेवला. न बोलता फोन ठेवण्याची ही माझी पहिलीच वेळ.

ती तिथे आहे ना अजून? ‘पुढे माझं मी बघेन’ असं लिहिलंय. म्हणजे काय? मी आत्ता येऊ का? मला भीती वाटते आहे ताई. उशीर झाला म्हणून येऊच नको असं ती म्हणेल याची भीती वाटते. तू सांगशील तसं करीन.

धाकटा


३ नोव्हेंबर

धाकट्या,

ती इथेच आहे. पण पाहुणी म्हणून नाही. एकवीस तारखेला सकाळी तिने मला सांगितलं की वरची खोली मी घेते आणि हे काम नीट शिकते. तेव्हापासून ती मेणाचं सगळं काम एकटी बघते. तुझे ‘नोंद घेतली’वाले एकतीस कागद तिने बरोबर आणले होते. त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. त्यावर आम्ही गिऱ्हाइकांच्या दातांच्या रंगाचे क्रमांक लिहितो.

तुझं पत्र मी तिला दिलं. तिने ते वाचलं आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. मी काही विचारलं नाही. तुझ्यासारखं सूत्र म्हणून नाही. तिचा चेहरा दिसत होता म्हणून.

रविवारी ये. वही आणू नकोस, सूत्रं आणू नकोस. तिला ‘चल’ म्हणून अडचणीत टाकू नकोस, ते म्हणायचा दिवस होऊन गेला. तुला बसायला एक स्टूल आहे. त्यावर बस आणि ती काय करते ते बघ. इतकी वर्षं बघायचं राहिलंय, एका रविवारात संपायचं नाही, पण सुरुवात कर.

मला तुझा राग आहे. तरी जेवूनच जा.

ताई


८ नोव्हेंबर

अहो,

लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. पेटीतले कागद मी यात धरत नाही.

रविवारी तुम्ही अकरा वाजता आलात आणि चार वाजता गेलात. स्टुलावर छत्री मांडीवर घेऊन बसला होतात. मला वाटलं, आता काहीतरी सांगायला लागतील. पण तुम्ही एकच गोष्ट विचारलीत, हा दात असा तिरका का लावतेस? मी सांगितलं की ती बाई बोलताना ‘स’ म्हणते तेव्हा तिची जीभ तिथे लागते, सरळ लावला तर तिला शीळ ऐकू येते. तुम्ही मान हलवलीत आणि खाली वाकून नीट बघितलंत. माझा चेहरा तुम्हाला दिसू नये म्हणून मी दिवा उगाच पुढे ओढला.

‘परत चल’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. वन्संनी बजावलं होतं म्हणून, की तुम्हालाच वाटलं म्हणून, ते मला कळलं नाही. म्हणाला असतात तर मी नाही म्हणाले असते. मी आता तिकडे येणार नाही. निदान इतक्यात नाही. रागावले म्हणून नव्हे. राग वीस तारखेला होता. संध्याकाळची बस रिकामी झाली, चालक उतरून चहा प्यायला गेला, तरी मी तिथे उभी होते. तेव्हा फार राग आला. रडू दुपारीच येऊन गेलं होतं. आता राग उरला नाही. पण इथे मी केलेली गोष्ट माणूस तोंडात घालतो आणि चावून बघतो. टोचली तर येऊन सांगतो, आणि मी ती त्याच्यासमोर घासून देते. हे मला सोडवत नाही.

मी सुखी आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल बरं वाटलं. विचाराल तर सांगता येणार नाही. सकाळी उठले की आज काय करायचं ते मला माहीत असतं आणि जेवायला बसले की भूक असते. आणि तुमची आठवण येते. तीही खरीच आहे. इथून ती लपवावीशी वाटत नाही.

येत्या रविवारी या. वन्सं म्हणतात, त्याला प्लास्टर कालवायला बसवते, वजनाला तो पक्का आहे. तुमचं पटलं तर बसा.

परवा तुम्ही निघालात तेव्हा मी तुमच्यामागे फाटकापर्यंत आले होते. तुम्ही स्टँडच्या वळणापर्यंत सरळ चालत गेलात. मी तिथेच उभी होते. पुढच्या वेळी मागे वळून बघा.